तिघांचा ‘थर्टीन’

११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या ‘व्हिस्की अ गो गो’ या जुन्या क्लबात पत्रकारांना बोलावणं गेलं होतं. तारीख मुद्दाम निवडलेली होती : अकरा, अकरा, अकरा. मंचावर चार जण येऊन बसले. गिटारवाला टोनी आयोमी, बास वाजवणारा आणि गाणी लिहिणारा गीझर बटलर, गायक ऑझी ऑस्बॉर्न आणि ड्रमर बिल वॉर्ड. चौघंही साठी ओलांडलेले आणि चौघंही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन भागात वाढलेले. ब्लॅक सॅबथ हा त्यांचा बँड. त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. आपण जगभर दौरा करणार आणि रिक रुबिन या निर्मात्याबरोबर नवा अल्बम करणार.

दौऱ्याच्या बातमीत फारसं नवल नव्हतं. १९९७ पासून हे लोक अधूनमधून एकत्र वाजवत होते. नवल होतं ते अल्बमचं. या चौघांनी मिळून केलेला शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘नेव्हर से डाय!’ १९७८ सालचा. म्हणजे मधे ३३ वर्षं गेली होती. या घोषणेनंतर तीन महिने उलटायच्या आत आयोमीला कर्करोग झाल्याचं निष्पन्न झालं आणि वॉर्ड बाहेर पडला. तरीही जून २०१३ मध्ये अल्बम आला. त्याचं नाव ‘थर्टीन’.

जुन्या बँडचा दौरा आणि जुन्या बँडचा नवा अल्बम या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दौऱ्यात अर्धं काम श्रोतेच करतात. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या डोक्यात ते गाणं आधीपासून पूर्ण वाजत असतं. मंचावर सूर थोडा घसरला, आवाज कमी पडला, तरी आठवण ती जागा भरून काढते. नव्या गाण्याला ही सवलत मिळत नाही. ते पहिल्यांदाच ऐकलं जातं आणि ऐकणारा त्याची तुलना त्याच माणसांनी विशीत केलेल्या कामाशी करत असतो. म्हणून बरेच जुने बँड दौऱ्यांवर भागवतात. ईगल्स १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आले, पण संपूर्ण नवा स्टुडिओ अल्बम यायला २००७ साल उजाडलं. आधीच्या ‘द लाँग रन’नंतर २८ वर्षांनी. रोलिंग स्टोन्स तर दौऱ्यांसाठीच ओळखले जातात, तरी त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांच्या दोन अल्बमांमध्ये, २००५ चा ‘अ बिगर बँग’ आणि २०२३ चा ‘हॅकनी डायमंड्स’ यांच्यामध्ये, १८ वर्षं गेली आणि तेवढ्यात त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स हे जग सोडून गेला.

या सगळ्यांमध्ये सॅबथची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते. बँड परत येतो तेव्हा नक्की काय परत येतं, हा प्रश्न तिथे टाळताच येत नाही. नाव परत येतं, ओळखीचा आवाज परत येतो. पण चार माणसांनी एकमेकांचं ऐकत वाजवण्याची जी एक विशिष्ट सवय असते, ती? माझ्या मते बँड म्हणजे मुळात तीच सवय. ‘थर्टीन’ ऐकताना ती कुठे आहे आणि कुठे नाही हे स्पष्ट कळतं. त्यासाठी आधी ती सवय कशी लागली हे पाहायला हवं.

अ‍ॅस्टन हा कारखान्यांचा भाग. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा या मुलांच्या लहानपणीही तशाच होत्या. शाळा संपली की कारखाना, हे ठरलेलं. ऑझीनं मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात काम केलं, कत्तलखान्यात केलं आणि किरकोळ घरफोडीसाठी काही आठवडे तुरुंगातही काढले. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. सतराव्या वर्षी त्याला एका बँडबरोबर परदेशात वाजवायची संधी आली आणि त्यानं नोकरी सोडली. नोकरीचा शेवटचा दिवस होता. शेजारची कामगार आली नव्हती म्हणून त्याला तिच्या यंत्रावर, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, बसवलं. दुपारी तो घरी जेवायला गेला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. काम पूर्ण करून ये, असं म्हणून आईनं पाठवलं. त्या दुपारी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची मधल्या दोन बोटांची टोकं गेली.

आयोमी डावखुरा आहे. म्हणजे गिटारच्या पट्टीवर तारा दाबण्याचं काम त्याचा उजवा हात करतो. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्याच्या फोरमननं मात्र त्याला एक रेकॉर्ड आणून दिली, जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची. ती ऐकून झाल्यावर त्यानं सांगितलं की हा माणूस भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी हे वाजवतो आहे. मग आयोमी कामाला लागला. भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांसाठी टोपणं घडवली, ती घासून नेमकी बसवली आणि तारेवर पकड यावी म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपणांखाली तार जाणवत नाही, त्यामुळे किती दाबायचं ते कानानं ठरवावं लागतं. जाड तारा दाबताना दुखायचं. तेव्हा बारीक तारांचे गिटार-संच मिळत नव्हते, म्हणून त्यानं बँजोच्या तारा लावून पाहिल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बमपासून त्यानं गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरवून लावली, म्हणजे तारा आणखी सैल. सैल तारांचा आवाज जड, खोल आणि थोडा लोंबणारा येतो. बटलरनंही बास तशीच उतरवली. पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या हजारो हेवी मेटल बँडांनी हा आवाज उचलला. त्याचं मूळ एका कामगार मुलाच्या जखमी बोटांना कमी त्रास व्हावा, या गरजेत आहे.

दुसरी गोष्ट स्वरांची. १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं. पाऊस, मेघगर्जना, चर्चची घंटा आणि मग तीनच स्वरांची संथ गिटार. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा छोट्या स्वरवाक्याला रॉकमध्ये रिफ म्हणतात. आपल्या भाषेत त्या रिफचे स्वर सांगायचे तर षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. यमन ऐकणाऱ्या माणसाला षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर मुळीच भीतिदायक वाटत नाही. युरोपच्या जुन्या संगीतशास्त्रात मात्र हे अंतर कर्कश मानून टाळलं जात होतं आणि त्याला सैतानाशी जोडणारं नावही पडलं होतं. सॅबथनं तो स्वर ज्या तऱ्हेनं लावला ते मला महत्त्वाचं वाटतं. यमनात तीव्र मध्यमाला वरचा पंचम जवळ असतो, तो तिथे जाऊन विसावतो. आयोमीची रिफ पंचमावर विसावत नाही. तीव्र मध्यम तिथेच थरथरत राहतो आणि पुन्हा खाली षड्जावर पडतो. बटलर त्या दिवसांत गुस्ताव्ह होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतला मंगळाचा भाग बासवर वाजवत असे, त्यातून आयोमीला ही रिफ सुचली.

आणि त्या गाण्यात वॉर्ड काय करतो? तो ताल धरून ठेवत नाही. गिटारच्या दोन आघातांमधल्या पोकळीत तो ड्रमवर घरंगळत येतो, थांबतो, पुन्हा येतो. जीन क्रुपासारख्या जॅझ ड्रमरना ऐकत तो वाढला होता. त्या संगीतातला झोका त्याच्या हातात होता. ठोका बरोबर घड्याळावर न पडता किंचित मागे पडतो, त्यामुळे वजनदार रिफसुद्धा डुलत चालते. आपल्याकडे संगतकार नुसता ठेका देतो की गाणाऱ्याला उत्तर देतो, हा फरक जाणकार श्रोत्याला लगेच कळतो. वॉर्ड उत्तर देणारा होता. सॅबथची नक्कल करणाऱ्या बहुतेक बँडांना आयोमीचा जडपणा जमला, वॉर्डचा झोका जमला नाही. म्हणून ती नक्कल पत्रा ठोकल्यासारखी वाटते आणि मूळ रेकॉर्ड तशी वाटत नाही.

तो पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाला. क्लबात रोज रात्री जे वाजवायचे तेच चौघांनी एकदमच वाजवलं आणि ते निघून गेले. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, तो बाजारात आला. समीक्षकांनी त्याला झोडपलं, लोकांनी घेतला. त्याच वर्षी दुसरा अल्बम ‘पॅरॅनॉइड’ आला आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढच्या आठ वर्षांची हकीकत मी लांबवत नाही. पैसा, अमेरिका, कोकेन, दारू, व्यवस्थापकांशी कोर्टकज्जे आणि थकवा. १९७९ मध्ये ऑझीला काढायचं ठरलं आणि ते त्याला सांगायचं काम वॉर्डवर आलं, कारण तोच त्याचा सर्वांत जवळचा मित्र होता. रॉनी जेम्स डिओ हा गायक आला आणि १९८० चा ‘हेवन अँड हेल’ हा उत्तम अल्बम झाला. त्या अल्बमच्या दौऱ्यात दारूच्या आहारी गेलेला वॉर्डही निघून गेला. ऑझीनं स्वतंत्रपणे मोठं यश मिळवलं. सॅबथ हे नाव आयोमीनं चालवलं. गायक बदलले, ड्रमर बदलले, बटलर येत-जात राहिला. १९९५ च्या ‘फॉरबिडन’पर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेला एकमेव माणूस म्हणजे आयोमी. या काळातले काही अल्बम चांगले आहेत, त्यांना दुर्लक्षून इतिहास सांगणं अन्यायाचं होईल. पण तो वेगळा बँड होता.

चौघं एकत्र यायचे ते मंचावर. १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये फिलाडेल्फियाला तीन गाण्यांपुरते. मग डिसेंबर १९९७ मध्ये बर्मिंगहॅमला दोन रात्री, ज्यांतून ‘रीयुनियन’ हा थेट ध्वनिमुद्रणाचा अल्बम निघाला. त्यात स्टुडिओत केलेली दोन नवी गाणी जोडली होती. २००१ मध्ये रुबिनबरोबरच पूर्ण अल्बमचा प्रयत्न सुरू झाला आणि सोडूनही दिला गेला. ऑझीला स्वतःचा अल्बम संपवायला जावं लागलं. पुढच्या वर्षी त्याच्या घरावरच्या दूरचित्रवाणी मालिकेनं तो वेगळ्याच अर्थानं घराघरांत पोहोचला. २००९ मध्ये तर त्यानं सॅबथ या नावाच्या मालकीवरून आयोमीवर खटला भरला. तो पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटला. त्याच वर्षी डिओ कर्करोगानं वारला. त्याच्याबरोबर आयोमी आणि बटलर ‘हेवन अँड हेल’ या नावानं पुन्हा वाजवत होते, तो रस्ता तिथे संपला. एवढं सगळं झाल्यावर २०११ ची ती पत्रकार परिषद आली.

जानेवारी २०१२ मध्ये आयोमीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असल्याचं जाहीर झालं. केमोथेरपी आणि किरणोपचार इंग्लंडमध्ये होणार होते. त्यामुळे ऑझी आणि बटलर अमेरिका सोडून त्याच्याकडे आले आणि त्याच्या घरच्या स्टुडिओत गाणी रचली जाऊ लागली. उपचारांच्या दिवसांत अंगात त्राण नसायचं. जरा बरं वाटलं की तो गिटार घ्यायचा. पुढे उपचार दर सहा आठवड्यांनी घ्यायचे ठरले आणि नंतरचे दौरेसुद्धा त्या अंतरानं आखले गेले.

फेब्रुवारीत वॉर्डनं जाहीर पत्र लिहिलं. समोर ठेवलेला करार सही करण्याजोगा नाही, तो बदलला तरच मी येईन, असा त्याचा मजकूर होता. दुसऱ्या बाजूनं नंतर त्याच्या प्रकृतीचा मुद्दा पुढे आला : एवढा दौरा त्याला झेपला नसता. १९९८ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हेही खरं. वॉर्डला ते कारण मान्य नव्हतं. पुढे ऑझीनं माफी मागावी अशी मागणीही त्यानं केली. दोन्ही बाजू जाहीर आहेत आणि त्यांचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण परिणाम मात्र ऐकू येतो. मे २०१२ मध्ये बर्मिंगहॅमच्या छोट्या सभागृहात बँड परतला तेव्हा ड्रमवर ऑझीच्या बँडमधला टॉमी क्लुफेटॉस होता.

अल्बमसाठी कोण, हा प्रश्न उरला. रुबिननं आधी क्रीम या बँडचा ड्रमर जिंजर बेकर याचं नाव सुचवलं. त्यामागचा विचार चांगला होता. बेकरही जॅझमधून आलेला, झोका असणारा. पण आयोमीला ती जोडी पटेना. शेवटी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा ड्रमर ब्रॅड विल्क आला. सॅबथ पहिल्यांदा वाजू लागले तेव्हा तो अजून तान्हं मूल होता. आता त्याला त्यांच्याच समोर बसून वाजवायचं होतं. त्यानं ते मन लावून केलं.

ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियात, मालिबूच्या शांग्री-ला स्टुडिओत झालं. रुबिननं तिथे काय केलं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुनरागमनाच्या अल्बमात निर्मात्याचं काम कमालीचं अवघड असतं. त्यानं तिघांना समोर बसवून १९७० चा पहिला अल्बम ऐकवला. मग सांगितलं की हेवी मेटल नावाचा प्रकार अस्तित्वातच नाही असं समजा. हे बोलणं वरवर विचित्र वाटतं, पण ते नेमकं आहे. पहिला अल्बम केला तेव्हा या माणसांसमोर हेवी मेटल नव्हतंच. समोर ब्लूज होता, थोडा जॅझ होता आणि क्लबातला गोंगाट भेदून जाण्याइतका मोठा आवाज होता. नंतरच्या चाळीस वर्षांत त्यांच्याच शिष्यांनी जे नियम बनवले, ते पाळून वाजवायला लागले असते तर गुरू स्वतःच्या शिष्यांची नक्कल करत बसले असते. रुबिनला तो धोका दिसला. म्हणून त्यानं त्यांना एका खोलीत, एकाच वेळी वाजवायला लावलं. आजच्या पद्धतीनं एकेक वाद्य वेगळं मुद्रित करून जोडायचं नाही. आयोमीला पुन्हा पुन्हा तोच तुकडा वाजवण्याचा कंटाळा यायचा. पहिला अल्बम एका दिवसात संपवलेल्या माणसाला तो येणारच.

ऑझीची अवस्था या काळात बिकट होती. दीड वर्ष आपण पुन्हा दारू आणि नशेत होतो, हे त्यानं एप्रिल २०१३ मध्ये स्वतः लोकांना सांगितलं. अल्बम घडत होता तो काळही हाच. तरी त्याचं गाणं अल्बमात वाया गेलेलं नाही. रुबिननं त्याला विशीतल्या उंच पट्टीकडे पळू दिलं नाही, खालच्या पट्टीत ठेवलं. ऑझी तांत्रिकदृष्ट्या मोठा गायक कधीच नव्हता. त्याचा आवाज रिफला चिकटून चालतो आणि त्यात एक घाबरलेला, एकटा मुलगा असतो. चौसष्टाव्या वर्षीही तो मुलगा तिथे आहे, आणि या अल्बमातली ती मला सर्वांत हृदयस्पर्शी गोष्ट वाटते.

मूळ अल्बमात आठच गाणी आहेत आणि त्यांतली पाच सात मिनिटांहून मोठी. ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ हे पहिलं गाणं संथ, प्रचंड आघातांनी सुरू होऊन मधे वेग घेतं. १९७० च्या पहिल्या गाण्याचा आराखडा इतका स्पष्ट दिसतो की ऐकताना अवघडल्यासारखं होतं. ‘झाइटगाइस्ट’ हे साध्या गिटारवरचं शांत गाणं ‘पॅरॅनॉइड’मधल्या ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’चं धाकटं भावंड आहे. रुबिनचं धोरण इथे उलटतं. जुन्या वृत्तीकडे जा, असं सांगता सांगता काही ठिकाणी जुन्या आकाराकडेच गाडी वळली आहे. वृत्ती परत मिळवणं आणि आकार पुन्हा काढणं यांतलं अंतर अशा वेळी सर्वांनाच, अगदी निष्णात माणसांनाही, हुलकावणी देतं.

पण ‘गॉड इज डेड?’ हे जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं स्वतःच्या पायांवर उभं आहे. बटलर आयरिश कॅथलिक घरात वाढला आणि श्रद्धेशी त्याचं भांडण ‘सॅबथ’च्या पहिल्या दिवसापासूनचं. लोक त्यांना सैतानाचे पूजक म्हणत, पण त्याची गाणी बारकाईनं वाचली तर त्यांत सैतानाची भीती आहे, युद्धाचा संताप आहे आणि देव आहे की नाही याची खरी तळमळ आहे. इथेही बोलणारा माणूस निर्णय देत नाही, शंकेत अडकून फिरत राहतो. शेवटच्या ‘डिअर फादर’मध्ये धर्मगुरूनं केलेल्या अत्याचाराचा बळी त्या धर्मगुरूशी बोलतो. हा विषय १९७० मध्ये रॉकच्या गाण्यात येणं कठीण होतं. २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या कॅथलिक घरातल्या माणसानं तो लिहिणं, ही या अल्बमातली खऱ्या अर्थानं नवी गोष्ट आहे. त्या गाण्याच्या अखेरीस पाऊस, गर्जना आणि घंटा येते, म्हणजे पहिल्या अल्बमची सुरुवात इथे शेवटाला आणून ठेवली आहे.

एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी ‘डॅमेज्ड सोल’ निवडेन. तो उघड ब्लूज आहे. ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो, बटलरची बास गिटारच्या मागे मागे न जाता बाजूनं बोलते आणि आयोमीचे सोलो मोकळे सुटतात. १९६८ मध्ये ही मुलं ‘अर्थ’ नावानं ब्लूज वाजवत फिरायची. तो बँड इथे वयस्कर होऊन भेटतो. तिघं एकमेकांचं ऐकत आहेत हे प्रत्येक ओळीत कळतं. उपचार घेत असलेल्या माणसाच्या गिटारमध्ये एवढा निवांतपणा कुठून आला असेल, असं दर वेळी मनात येतं.

विल्कबद्दल बोलायलाच हवं. तो ताकदीचा ड्रमर आहे, त्याचा ठोका घट्ट आणि अचूक आहे. पण तो रिफला आधार देतो, तिच्याशी वाद घालत नाही. ज्या पोकळीत वॉर्ड घरंगळत आला असता, तिथे विल्क सभ्यपणे थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. पाहुणा घरातल्यांच्या बोलण्यात तोंड घालत नाही. शिवाय अंतिम मिश्रणात आवाज इतका दाबून वर आणला आहे की हळू आणि मोठ्यातलं अंतर उरत नाही. रुबिनच्या हाताखालच्या मेटॅलिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरही हीच टीका झाली होती. ड्रमला या दडपणाचा सर्वांत जास्त फटका बसतो, कारण ठोक्याचा जीव त्याच्या उठावात असतो.

लोकांनी मात्र अल्बम उचलून धरला. १० जून २०१३ ला तो ब्रिटनमध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. ‘पॅरॅनॉइड’नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी. दोन अव्वल अल्बमांमधलं एवढं अंतर त्यापूर्वी कोणाच्याच नावावर नव्हतं. आधीचा विक्रम बॉब डिलनचा होता. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात १,५५,००० प्रती खपल्या आणि तिथेही तो पहिला आला. अमेरिकेत हे त्यांना सत्तरच्या दशकातल्या भरात असतानाही जमलं नव्हतं. ‘गॉड इज डेड?’ला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळालं. या आकड्यांत जुन्या चाहत्यांची निष्ठा आहेच, पण एवढ्यानं भागत नाही. तोवर मेटल ऐकणाऱ्या तीन पिढ्या झाल्या होत्या आणि धाकट्या पिढीनं या माणसांना मूळपुरुष म्हणूनच ओळखलं होतं. मूळपुरुषांचा नवा अल्बम आपल्या हयातीत निघतो, हा त्या पोरांसाठी मोठा क्षण होता.

‘थर्टीन’मधून उरलेली चार गाणी २०१६ मध्ये ‘द एंड’ नावाच्या छोट्या तबकडीवर आली, ती निरोपाच्या दौऱ्यात मैफलींच्या ठिकाणीच विकली गेली. तो दौरा ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये संपला. त्या रात्रीही वॉर्ड नव्हता.

तो आला ५ जुलै २०२५ ला. अ‍ॅस्टनमधलंच व्हिला पार्क हे फुटबॉलचं मैदान. ऑझीचं लहानपणीचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. चाळीस हजारांहून अधिक लोक, मेटॅलिकापासून स्लेयरपर्यंत दिवसभर वाजवणारे शिष्य बँड आणि मिळकत पार्किन्सन्स या आजारावरच्या संशोधनाला, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयाला आणि मुलांच्या एका शुश्रूषागृहाला. पार्किन्सन्समुळे ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. शेवटी चौघंच आले आणि त्यांनी चार गाणी वाजवली : ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरॅनॉइड’. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी वारला. तो ७६ वर्षांचा होता.

ज्याला हे स्वतःच्या कानांनी पडताळायचं असेल त्यानं तीन ध्वनिमुद्रणं ओळीनं ऐकावीत. आधी १९७० चं ‘वॉर पिग्ज’, मग ‘थर्टीन’मधलं ‘एज ऑफ रीझन’ आणि शेवटी व्हिला पार्कवरचं ‘वॉर पिग्ज’. ‘वॉर पिग्ज’च्या पहिल्या कडव्यात गिटारचे दोन आघात होतात आणि मग सगळं थांबून फक्त वॉर्डची हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, उरते. त्या मोकळ्या जागेत ऑझी एकटा गातो. व्हिला पार्कला ७७ वर्षांच्या वॉर्डचे हात पूर्वीइतके वेगवान नाहीत, काही फटके उशिरा पडतात, एखादा सुटतो. ‘एज ऑफ रीझन’मध्ये विल्कचा एकही सुटत नाही. तरी गिटार थांबली की पुढचा ठोका केव्हा येईल याची उत्सुकता मला व्हिला पार्कला लागते आणि आयोमीही मान वळवून ड्रमकडे बघत तोच ठोका येण्याची वाट पाहत असेल, असं वाटत राहतं.